विहिरीच्या पाण्याची कॉफी

(नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरचं गाव. खाडीकाठी, मासे खारवायच्या जुन्या वखारीत सोल्वी आणि तिचा नवरा यार्ले यांनी थाटलेलं हॉटेल. गुरुवारची दुपार. सोल्वीचा बाप ओस्मुंड नेहमीसारखा सगळ्यांकडे पाठ करून, खिडकीकडे तोंड करून जेवतो आहे.)

सोल्वी : अजून एक गोळा वाढू? वरून लोणी सोडते.

ओस्मुंड : तिसऱ्यांदा विचारतेयस. कोणी गेलं की काय गावात?

सोल्वी : काहीतरीच! गुरुवार आहे, बटाट्याचे गोळे आहेत, खारं मटण आहे. बापाला आग्रहसुद्धा करायचा नाही?

ओस्मुंड : आग्रह करायची ती तुझी आई. तू लहानपणी काच फोडलीस की मला जास्तीचं वाढायचीस.

यार्ले : बाबा, आज ऊन काय छान पडलंय, नाही?

ओस्मुंड : अरे वा, जावईबापूही बोलले! म्हणजे काच मोठी दिसतेय.

सोल्वी : यार्ले, तू आत जा बघू.

यार्ले : दोघांनी मिळून सांगू, असं तूच म्हणालीस ना!

हॉल्वोर : (मागच्या टेबलावरचा गावकरी) यार्ले, इकडे दोन कॉफी दे रे! एक गडद, एक फिकी.

ओस्मुंड : फिकी कॉफी?

यार्ले : दूध घातलेली हो, बाबा.

ओस्मुंड : असं होय. आणि ग्लासाला ग्लास भिडवून पितात वाटतं हल्ली कॉफी.

सोल्वी : बाबा, ऐक. उद्याच्या पेपरात आमचं नाव येणारे. बेर्गनच्या स्पर्धेत यार्लेच्या… यार्लेच्या कॉफीला पहिलं बक्षीस मिळालं.

ओस्मुंड : कॉफीला?

सोल्वी : बिअरला. घे, बोलले एकदाची.

ओस्मुंड : हं.

सोल्वी : अजून आहे. बाटलीवर छापलंय, नेसहैमच्या विहिरीचं पाणी.

ओस्मुंड : नेसहैम म्हणजे माझं शेत.

सोल्वी : हो.

ओस्मुंड : विहीर माझी.

सोल्वी : हो.

ओस्मुंड : आणि पाणी कॉफीसाठी म्हणून मागून नेलेलं.

यार्ले : बाबा, काना गावच्या लग्नात येशूनेसुद्धा पाण्याचा द्राक्षारस…

ओस्मुंड : त्या लग्नात तू नव्हतास. गप्प बस.

सोल्वी : त्याला कशाला बोलतोस? खोटं मी बोलले. प्रार्थनाघरात जन्मभर तू दारूविरुद्ध बोलत आलास. उद्या सगळे वाचतील, आपल्या ओस्मुंडच्याच विहिरीची बिअर! तू म्हणशील तर आजच विहिरीवरचा पाइप काढून टाकतो आम्ही. नळाच्या पाण्याला ती चव नाही, मग बिअर बंदच. आणि बिअर नसली तर हिवाळ्यात हे हॉटेल चालत नाही, खरं सांगते. चाललं नाही तर नाही. पण तुला मान खाली घालायला लागलेली मला नकोय.

ओस्मुंड : झालं बोलून?

सोल्वी : झालं.

ओस्मुंड : गेल्या उन्हाळ्यात विहीर तळाला गेली होती. आठवतं?

सोल्वी : हो. तरी इथलं पाणी काही कमी झालं नाही.

ओस्मुंड : होईल कसं? मी मेंढ्या खालच्या ओढ्यावर नेत होतो. रोज दोन वेळा, गुडघे धरून. कॉफीसाठी नेल्या असत्या होय?

सोल्वी : म्हणजे… तुला माहीत होतं?

ओस्मुंड : अगं, तेवढ्या पाण्याची कॉफी हे गाव प्यालं असतं, तर तीन वर्षं इथे कोणाचा डोळा लागला नसता!

यार्ले : अरे देवा.

ओस्मुंड : त्याला मध्ये आणू नकोस.

सोल्वी : मग बोलला का नाहीस?

ओस्मुंड : माझी पोर कधी सांगते, याची वाट बघत होतो. शेवटी पेपरवाल्याच्या धाकाने सांगितलंस. त्याचा राग आलाय मला. बिअरचाही आलाय, पण तो जुना आहे.

सोल्वी : चुकलं, बाबा. मला वाटलं, तू यायचाच बंद होशील. विहिरीपेक्षा त्याचीच जास्त भीती होती.

ओस्मुंड : खुळी कुठली! विहीर खणली तेव्हा तू आईच्या पोटात होतीस. कोणासाठी खणली मग? मेंढ्यांसाठी?

यार्ले : पण प्रार्थनाघरात काय सांगाल?

ओस्मुंड : पाणी माझं, पाप जावयाचं.

यार्ले : बाबा!

ओस्मुंड : घाबरू नकोस. निम्मं प्रार्थनाघर आत्ता माझ्या पाठीमागेच बसलंय. काय रे हॉल्वोर, खजिनदार, कॉफी बरी आहे ना?

हॉल्वोर : …उत्तम आहे, ओस्मुंड.

सोल्वी : म्हणून तू पाठ करून बसतोस होय! मला वाटायचं, तुला आमच्याकडे बघायचंच नाही.

ओस्मुंड : मी वळून बसलो असतो तर या बिचाऱ्यांच्या घशाखाली घोट तरी उतरला असता का?

सोल्वी : मग… एक घोट चव बघतोस?

ओस्मुंड : मुळीच नाही. मला खरी कॉफी आण, काळी. आणि जावईबापू, या इकडे, जरा खुर्ची फिरवायला हात लावा. तीन वर्षं नुसती खाडी बघतोय. माझ्या लेकीचं हॉटेल आतून दिसतं कसं, ते अजून पाहिलेलं नाही.