रंगूचा डावा गाल

न्हाई बाई, आधी ती सुई पिशवीत ठेवा — रक्त कुठं पळून चाललंय? बसा. जुळ्या बहिनींचं रक्त तपासायला पुन्याहून आलात, काल कोल्हारला रंगूचं घेतलंत, आज शेवगावात माझं — बरं. काय म्हनालात मगाशी? दोघींच्या अंगात वायरिंग एकच, पन बटन एकीचंच दाबलं गेलं, तेबी निम्म्याच अंगाचं. एवढं सांगायला मोठ्या कॉलेजात जावं लागतं व्हय? आमच्या अडानी आईला बी दिसत हुतं ते. दोघींना ती हाक मारून वळखायची, तोंडावरनं न्हाई. सतराव्या वर्षी रंगूच्या डाव्या गालावर कोड उठलं, मग डाव्या हातावर. उजवं अंग जसंच्या तसं. मला एक ठिपका न्हाई. एका ताटात जेवलो, एका गोधडीत निजलो — लिवा, हेच पायजे ना तुमाला?

आन वसरीवर पेपर धरून बसलेत ना, ते आमचे मालक. पान उलटत न्हाईत बघा, कान हिकडं हायेत. कोयनेचा भूकंप झाला त्या साली हे रंगूला बघायला आले, आन बानं पाटावर मला बसवलं. तोंड तर तेच, मग फसवलं कुठं — असं बा म्हनायचा. लग्नाला रंगू उभी ऱ्हायली. मुंडावळ्या, डोईवरनं पदर, वर हळद. चौथ्या दिवशी तोंड धुतलं. ह्या मर्दानं तिला एष्टीत बसवून माहेरी धाडली, सोबतीला बी आला न्हाई. महिन्यानं ह्यांची मानसं बाच्या दारात — जी दाखवली तीच द्या. रंगू तितंच भाकरी थापत हुती.

काय लिवलंत? जबरदस्ती? कुनी केली जबरदस्ती? बा म्हनला हुता, तुझी मर्जी नसंल तर दार लावून घेतो. मीच म्हनले, जाते. का म्हनजे — पाटावर बसले तवाच आवडले हुते ते. त्यांच्यात काय हुतं आवडन्यासारखं, ते आता मला बी सांगता येनार न्हाई. बघा की तुमीच. खोडा ती जबरदस्ती. खोडा म्हनते. आवडन्याला तुमच्या कागदात रकाना न्हाई. तीस वर्सं रोज सकाळी उजेडाला जाऊन माझा डावा गाल बघते मी, आन रोज साफ निघतो.

घ्या, भरा नळी. कोनता बी हात घ्या.

रंगूनं इचारलं का माझं काय? — न्हाई? मग पत्ता कुनी दिला? तितल्या नर्सबाईनं. रंगूनं माझं नाव बी न्हाई घेतलं? — बरं.

झालं ना? मग उठा. कापूस ऱ्हाऊ द्या, येतंय तर येऊ द्या रक्त. जा तुमी.