इबूच्या बाथरूमला काय कमी होतं?

नाही, तुम्हीच सांगा, बाथरूमला आणखी काय करायचं असतं माणसानं? खरबरीत फरशी घातली, उंबरा काढला, भिंतीला धरायला दांडे लावले, बसून आंघोळ करायला खुर्ची ठेवली, आणि तो जुना पाण्याचा हौद, ज्याच्या कडेला अडखळून इबूनं मनगट मोडून घेतलं, तो फोडून मस्तपैकी शॉवर बसवला... इबू म्हणजे माझी आई हो, वय एक्याऐंशी, तीन वर्षं झाली, विसरायचा आजार आहे, डिमेन्शिया. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता पडल्या तर उठायच्या नाहीत." म्हणून केलं सगळं. आणि मी काय कुणी लुंगासुंगा आहे? इथं जावा बेटावर, अख्ख्या सोलो शहरात पंचवीस वर्षं बाथरूम बांधतोय मी!

तर पहिल्या दिवशी इबू दारात उभी. आत बघते, माझ्याकडे बघते, आणि म्हणते, "छान आहे हो हॉटेल. आंघोळ मी घरी गेल्यावर करीन."

घरी! अगं बाई, चाळीस वर्षं राहतेस ते हेच तुझं घर!

दुसऱ्या दिवशी शॉवर सोडला, तर हिची बोंबाबोंब, "छप्पर गळतंय! दिब्योला बोलवा!" आता दिब्यो म्हणजे मीच की! समोरच उभा, निथळत! आणि दांडे? दांड्यांवर तिनं कमरेला गुंडाळायचे पाच सारोंग वाळत घातले, ओळीनं. तोल गेला तर धरायचं काय, सारोंग?

तुम्हाला सांगतो, तिसरा दिवस तर विचारूच नका. नवा आरसा लावला होता, चांगला पुरुषभर. अर्धा तास झाला तरी पाण्याचा आवाज नाही, म्हणून माझी बायको वेनिंग डोकावली, तर इबू आरशातल्या बाईला हात करून म्हणतेय, "आधी तुम्ही, ताई." आणि ती बाईसुद्धा हात करतेय, आधी तुम्ही! आमच्या जावा बेटावर माणूस एक वेळ ताटकळून मरेल, पण समोरच्याच्या आधी आत शिरणार नाही. दोघी तशाच उभ्या! "म्हातारी आहे हो बिचारी," इबू म्हणाली, "मी थांबते."

उतरवला आरसा. पंचवीस वर्षं बाथरूम बांधतोय, लावलेला आरसा कधी उतरवला नव्हता!

चौथा दिवसही तसाच गेला. आमच्याकडे दिवसातून दोनदा आंघोळ, आणि इबू चार दिवस पारोशी! संध्याकाळी शेजारीण इथल्या रिवाजाप्रमाणे कुंपणावरून विचारते, "झाली का आंघोळ?" आणि इबू हसून सांगते, "झाली की!" मला रडूच आलं हो. लहानपणी आंघोळीशिवाय ताटावर बसू द्यायची नाही ही बाई!

तेव्हा वेनिंग म्हणाली, "अहो, एवढं सगळं घातलंत, त्यांच्या ओळखीचं काय ठेवलंत?" तिनं अडगळीतून निळी बादली काढली, दांड्याचा जुना लाल मग काढला, आणि वाकायला नको म्हणून बादली भरून स्टुलावर ठेवली, खुर्चीशेजारी. बस्स! इबूनं तो लाल मग बघितला, सरळ आत गेली, खुर्चीवर बसली आणि घेतलं की भसाभसा अंगावर! वेनिंग तिच्याजवळ, मी दाराबाहेर. एक मग, दोन मग, तीन... असला गोड आवाज मी जन्मात ऐकला नाही.

बाहेर आली, केस ओले, अंगाला साबणाचा वास. माझ्याकडे बघून म्हणाली, "मिस्त्री, काम झकास केलंस बाबा. माझा दिब्योपण हेच करतो. त्याला जरा शिकव ना."

पंचवीस वर्षं! म्हटलं, "शिकवतो, इबू. पण पोरगं मठ्ठ आहे, वेळ लागेल."