नवरदेवाचं माप

आवडाबाई: पदर पुढं कर आधी. नारल धरून धरून माझा हात भरला.

मंजुळा: अहो मावशी, तुम्ही कोण ते तरी सांगा. आणि ही ओटी कशाची? माझं कुठे लग्न झालंय?

आवडाबाई: लाजतेस काय गो. मी सहदेवची मावशी, आवडाबाई, बालकूमची. त्याची आवस, माझी बहीन, गेली तवापासून त्याला मीच वाढवला, म्हंजे तुझी सासूच की. खोपटच्या डेपोत कंडक्टर झाला म्हनून एवढा मोठा झाला का, की लगीन करतो न् मावशीला सांगत नाय?

मंजुळा: सहदेवरावांचं लग्न झालं? कधी?

आवडाबाई: मना काय विचारतेस? तुझ्याशीच झालं ना.

मंजुळा: माझ्याशी?

आवडाबाई: या दोन डोल्यांनी बगितलं. माझ्या लेकाचं, धाकूचं लगीन ठरलंय, त्याच्या कपड्यांना डोंबिवलीला गेलेली. तिथं फोटोवाल्याच्या काचेत हा एवढा रंगीत फोटो. फेटा घातलेला आमचा सहदेव, बाजूला तू. दोघांच्या कपालाला मुंडावल्या. मी काचेला नाक लावून बगितलं.

मंजुळा: अरे देवा, काचेत लावलाय तो? मावशी, तुम्ही बसा. खुर्चीवर नको, तिथे सजवलेले नारळ वाळत ठेवलेत. कॉटवरही नको, मोती सांडतील. इथे पाटावर बसा. आणि ऐका, तो लग्नाचा फोटो नाही. मी घरी लग्नाचं सामान बनवते. मुंडावळ्या, नारळ, अंतरपाट, सगळं हाताने. डोंबिवलीतला एक दुकानदार माझा माल ठेवतो. तो म्हणाला, डब्यातल्या मुंडावळ्या बघून गिऱ्हाइकाला काय कळणार, बांधलेल्या दाखवा. म्हणून फोटो काढायला गेलो. नवरी मी झाले. नवरदेव कोणीतरी लागणारच ना.

आवडाबाई: न् तो कोनीतरी आमचाच घावला?

मंजुळा: वरच्या मजल्यावर राहतात, सोयीचं पडलं. शिवाय त्यांच्या डोक्याचं माप माझ्याकडे आधीपासून आहे.

आवडाबाई: डोक्याचं माप?

मंजुळा: नवरदेवाची मुंडावळी फेट्यावरून येते. बांधून बघावी लागते. घरात मी आणि आई, दोघीच. पुरुषाचं डोकं आणायचं कुठून? मग सहदेवराव ड्यूटीवरून आले की त्यांना बसवते, फेटा चढवते, बांधून बघते आणि सोडते.

आवडाबाई: दर मुंडावलीला?

मंजुळा: हो, दर मुंडावळीला. ऑर्डर आली की एकदा बसतातच. लग्नाच्या सीझनला तर रोज.

आवडाबाई: न् काही बोलत नाय तो?

मंजुळा: चहा घेतात. आज गाडीत कोण कोणाशी भांडलं ते सांगतात. मी हसले की डोकं हलतं त्यांचं, मग परत पहिल्यापासून बांधावं लागतं.

आवडाबाई: हसतेस तू न् डोकं हलतं त्याचं?

मंजुळा: ते पण हसतात ना.

आवडाबाई: बरं बरं. कोल्याची पोर तू, मासली सोडून मोत्यांत कशी शिरलीस?

मंजुळा: आईची टोपली मला कधी पेलली नाही. भाव करायला गेले की मीच लाजायचे. बहिणीच्या लग्नात मुंडावळ्या केल्या, त्या चार जणींना आवडल्या, आणि मग सुरूच झालं. धाकट्यांची लग्नं करता करता माझं तेवढं राहिलं. त्याचं काही नाही. तुम्हाला आमचं घर कोणी दाखवलं?

आवडाबाई: तुझ्या आवशीनंच. कोपरीच्या बाजारात जाऊन तिलाच गाठलं. म्हटलं, पोरीचं लगीन परस्पर उरकलंस का गो? आधी बगतच राह्यली, मग एवढी हसली, एवढी हसली, की गिऱ्हाईक तिला सोडून दुसरीकडं गेलं. हे पापलेट तिनंच दिलंय. ते राहू दे. तू ती मुंडावली दाखव.

मंजुळा: ही बघा. उद्या न्यायला येणार आहेत.

आवडाबाई: हात चांगला हाय तुझा. मोती एकसारखे बसलेत. न् ही मागं नाडी कशाची?

मंजुळा: बांधायची.

आवडाबाई: एवढी लांब?

मंजुळा: म्हणजे डोकं लहान असो, मोठं असो, फेटा असो, टोपी असो, कोणालाही बांधता येते. सैल हवी तर सैल, घट्ट हवी तर घट्ट.

आवडाबाई: कोनालाही?

मंजुळा: कोणालाही.

आवडाबाई: मग माप कशाला लागतं गो?

(मंजुळा मुंडावळी डब्यात ठेवू लागते. जिन्यावर पावलं वाजतात. खाकी कपड्यांतला सहदेव दारात येतो.)

सहदेव: मंजुळाबाई, आज कोणाचं माप आहे का? म्हटलं ड्यूटीवर जायच्या आधी... मावशी? तू इथे काय करतेस?

आवडाबाई: सुनेची ओटी भरायला आले, तर सून म्हनते लगीनच झालं नाय. तुमचा फोटो बगून मी सगल्या बालकुमात पेढे वाटले. आता काय तोंड दाखवू?

सहदेव: पेढे वाटलेस?

आवडाबाई: शेजारच्या गुणाजीच्या घरी तर दोनदा दिले. आता दोघंबी ऐका. लगीन खरं असेल तर हिनं ओटी घ्यावी. खोटं असेल तर आजपासून तू ह्या घरात पाय ठेवायचा नाय. एकटा बाप्या एकट्या पोरीसमोर मुंडावल्या बांधून बसतो, म्हंजे काय? उद्या लोकांच्या तोंडी झालं तर हिचा माल कोन घेईल?

मंजुळा: पाय ठेवायचा नाही म्हणजे, मापालासुद्धा नाही?

आवडाबाई: नाडी हाय ना लांब. माप कशाला?

मंजुळा: सहदेवराव, तो तिकिटाचा पंच वाजवू नका हो. मला काही सुचत नाहीये.

सहदेव: मी नाही वाजवत. हातात असला की आपोआप वाजतो.

मंजुळा: मग खाली ठेवा. आणि एक सांगा. मागे नाडी असते, माप लागत नाही, हे तुम्हाला ठाऊक होतं?

सहदेव: पहिल्याच दिवशी कळलं. गाठ तुम्ही मारता, पण नाडीची टोकं माझ्याच मानेवर लोंबतात.

मंजुळा: आणि इतकी वर्षं बोलला नाहीत?

सहदेव: बोललो असतो तर तुम्ही माप घेणं बंद केलं असतं.

आवडाबाई: ऐक गो. न् सहदेव, फोटोचं पन सांग तिला. का मी सांगू? तो फोटोवाला म्हनाला, हा मानूस दर सुट्टीला येतो न् काचेसमोर उभा राहतो. परवा तर रुमालानं काच पुसून गेला.

मंजुळा: म्हणजे फोटो तिथे लावलाय हे तुम्हाला माहीत होतं?

सहदेव: दिवाळीपासून. त्याने विचारलं, लावू का, मी हो म्हटलं. तुम्हाला विचारायला पाहिजे होतं. विचारणारच होतो. पण त्याच्याबरोबर अजून एक विचारायचं होतं, आणि ते काही जमेना. मग दोन्ही राहिलं.

मंजुळा: अजून एक काय?

आवडाबाई: दिवसभर लोकांना पुढं सरका, पुढं सरका म्हनून ओरडतो, न् स्वतः दारातच उभा.

सहदेव: मावशी, जरा थांब. मंजुळाबाई, मला तुम्ही...

आवडाबाई: बाई काय रे? बाई शालेत असतात.

सहदेव: मंजुळा. मला तू आवडतेस. पहिल्यांदा फेटा बांधलास तेव्हापासून. माझ्याशी लग्न करशील?

मंजुळा: मी एवढ्या नवऱ्यामुलींचं सामान बनवलं, पण हे विचारताना कुणाला ऐकलं नव्हतं. खरं सांगू? बांधताना मला इतका आनंद व्हायचा आणि सोडताना जिवावर यायचं. तुम्हाला बांधलेल्या मुंडावळ्या डब्यात भरून मी दुसऱ्यांच्या लग्नाला पाठवायचे. एकदा तर मुद्दाम मोती चुकीचे ओवले, म्हणजे तुम्हाला परत बसवता येईल.

सहदेव: लाल मण्यांच्या वेळी? मला वाटलं गिऱ्हाईक किरकिरं होतं.

मंजुळा: गिऱ्हाईक बिचारं गरीब होतं. पण आईला विचारल्याशिवाय मी कशी...

आवडाबाई: आवशीनं पापलेट काय उगाच दिलंय? म्हनाली, पोरगी हो म्हनाली तर तलून घाला, नाय म्हनाली तर तसंच परत आना, मी विकीन.

मंजुळा: असं म्हणाली आई?

आवडाबाई: बाजारात सगल्यांसमोर.

मंजुळा: मग तवा ठेवा मावशी. तेल फळीवर आहे.

आवडाबाई: ठेवते. पन आधी पदर. हां, असा. नारल धर नीट. आता मीबी एक सांगते, रागावू नका. पेढे-बिढे काय वाटले नाय. लगीन झालेलं नाय हे फोटोवाल्यानं मना तवाच सांगितलं.

सहदेव: मावशी, मग ही एवढी नाटकं?

आवडाबाई: तुम्ही दोघं फेटा बांधत न् सोडत म्हातारे झाला असता. जात्यावरचं दलन न्हवतं ते, की चालू दे आपलं. गो मंजुला, मीठ-मसाला कुठं?

मंजुळा: खालच्या डब्यांत. मोत्यांच्या डब्यात हात घालू नका फक्त.

सहदेव: माझी ड्यूटी आहे आता. सुटायला थोडाच वेळ आहे गाडीला.

मंजुळा: तेवढा वेळ पुरे. आता आपल्या मुंडावळ्या करायच्या आहेत. बसा असे, फेटा घाला.

सहदेव: पण माप तर लागत नाही ना?

मंजुळा: गप्प बसा. हलू नका, चुकेल.