खिडकीखालचे चार चौकोन

नाही हो मिस्त्री, उन्हानं नाही फुटलं. सिमेंटही वाईट नव्हतं, बारा वर्षं टिकलं — मीच केलं हे. पाण्यानं. ते प्रेशरचं मशीन मिळतं ना भाड्यानं, त्यानं. दुकानदार बजावत होता, रुंद तोंड लावा नि लांबून धरा. मी सगळ्यात बारीक तोंड लावलं नि वीतभरावरून मारलं. कशाला म्हणजे? शेवाळ काढायला. किती वेळा? रोज. हसू नका — रोज सकाळी, दीड महिना. शेवाळ पहिल्याच दिवशी गेलं होतं. मग सिमेंट गेलं, मग वाळू, आता ही खडी वर आलीय, हात फिरवा, सोलून निघेल.

सगळीकडे नाही, एवढेच चार चौकोन, या पोहण्याच्या तलावाच्या पायऱ्यांपाशी. बाकीचं बघा, अजून हिरवंगार आहे, तिकडे मी फिरकलोसुद्धा नाही. चारच का — तर इथंच पडली ना आमची ही. खुब्याचं हाड मोडलं. तीन महिने सांगत होती, अहो, शेवाळ झालंय, पाय सरकतो माझा — आणि मी आपला, रविवारी बघू. रविवार काय, दर आठवड्याला येतो. बैल गेला नि झोपा केला, असं मेहुणी तोंडावर म्हणाली मला. खरंच आहे. राग नाही आला. हल्ली मला काही येतच नाही, जेवतो, झोपतो, मशीन लावतो.

वर बघू नका. त्या खिडकीत बसते ती. तिथून एवढेच चौकोन दिसतात, म्हणून ती खुर्चीत बसली की मी मशीन लावायचो — बघेल, म्हटलं. बोलत नाही माझ्याशी. भांडत पण नाही, भांडली असती तर बरं. परवा एवढंच म्हणाली, बंद करा ते, डोकं दुखतं. दीड महिन्यात तेवढंच.

डॉक्टर म्हणालेत, पाण्यात चालवा त्यांना. म्हणून सोमवारी तुम्हाला फोन केला — अनवाणी यायचं, या खडीवरून कशी येणार ती? पोकळ वाजतं तेवढं फोडून काढा, वर नवा थर द्या. गुळगुळीत नको. ओलं असताना झाडू फिरवून खरखरीत करतात ना, तसं — किती? आठ दिवस पाय ठेवायचा नाही? असू दे. घाई नाही. शनिवारी मेहुणी गाडी घेऊन येतेय हिला न्यायला, कालच कळवलंय. किती दिवस, ते मी विचारलं नाही.

अहो, अवजारं कशाला गोळा करताय? काम करायचंच आहे. बॅग मीच भरली काल रात्री, ती बोटानं दाखवत गेली, मी ठेवत गेलो. शेवटी वरच्या कप्प्याकडे बोट केलं. लोकरीचे कपडे. सगळे. आत्ता तर कुठे उन्हाळा सुरू झालाय, मिस्त्री.

बरं. लागा तुम्ही कामाला.