सावळी आसरा

हसू नका, पण आमच्या घरात टीव्हीतल्या आसरांवरून भांडण पेटलं होतं. नव्या मालिकेत या विहिरीतल्या सात देवींपैकी थोरली एका सावळ्या पोरीनं केलीय. आईनं टीव्हीच बंद केला. "असली काळी आसरा असती व्हय? ग्रुपवर सगळ्या बाया लई चिडल्यात!"

माझी लेक रेवा तिथंच बसली होती. तीही सावळीच. उजळावी म्हणून आई दर रविवारी तिला डाळीचं पीठ चोळून अंघोळ घालायची.

शुक्रवारी आम्ही चाकूरला आमच्या मळ्यात आसरांची ओटी भरायला गेलो. विहिरीच्या कडेला त्यांचे सात दगड हायत. हळदीकुंकू लावण्याआधी आईनं त्यांना अंघोळ घातली, तसे ते काळेकुळकुळीत चमकायला लागले.

रेवानं विचारलं, "आजी, यांना डाळीचं पीठ न्हाई चोळायचं?"

"येडे, त्यांना कशाला? हायत तशाच देखण्या हायत की!"

बोलली आणि आई हातात तांब्या धरून तशीच थांबली. रेवाकडं बघत राहिली.

त्या रविवारी डाळीच्या पिठाची भजी झाली. ताटली घेऊन आईनंच टीव्ही लावला आणि रेवाला जवळ ओढून म्हणाली, "बघ, आपली थोरली आली."