डी ड्राइव्हमधल्या विहिरी

अश्लेषा : तो लाल दिवा आता दर चार सेकंदांनी एकदा लुकलुकतोय. सकाळी सेकंदाला तीनदा लुकलुकत होता.

चंद्रहास : मग?

अश्लेषा : मग काही नाही. डिस्कचं काम संपलेलं दिसतंय. तुमचं चालू आहे.

चंद्रहास : कर, खवचटपणा कर. तिन्ही सीड्या गेल्या आत. लिनक्स पूर्ण बसलंय, फक्त स्क्रीनवर काही दिसत नाही. अख्ख्या चंदनसारमध्ये कुणाच्या घरी नसेल हे.

अश्लेषा : काळा स्क्रीन? लाइट गेली की सगळ्यांच्याच घरी असतो.

चंद्रहास : अगं, त्याने मॉनिटरची फ्रिक्वेन्सी विचारली होती. मी अंदाजाने टाकली. साध्या अक्षरांतला तो प्रश्न अजून उघडता येतो, पण त्यापुढे अंधार.

अश्लेषा : ती मॉनिटरच्या पाठीवर छापलेली असते.

चंद्रहास : आता मागे कोण वाकून बघणार?

अश्लेषा : बरोबर. त्यापेक्षा पाच तास पुढ्यात बसलेलं बरं. सरका जरा. तीस ते चोपन्न. खालच्या रकान्यात पन्नास ते एकशे वीस. टाका.

चंद्रहास : टाकले... आलं! बघ, आलं! काय देखणं दिसतंय! विंडोज वापरणारे म्हणजे नुसती मेंढरं, दाखवाल त्या वाटेने जाणारी.

अश्लेषा : तुम्ही ऑफिसात काय वापरता?

चंद्रहास : ऑफिसची गोष्ट वेगळी.

(बेल वाजते. दारात शेतकरी हरेश्वरकाका, हातात पाण्याची बाटली.)

हरेश्वर : बाय, खाडीकडच्या विहिरीचं पानी आनलं, या म्हयन्याचं. साहेब आज पडद्यापुढं? टीवी बिघडला का?

चंद्रहास : टीव्ही नाही हो काका, कॉम्प्युटर. नवी सिस्टीम टाकतोय.

हरेश्वर : जुनी बिघडली व्हती?

अश्लेषा : नाही. उत्तम चालत होती.

हरेश्वर : मंग?

अश्लेषा : हेच मी सकाळी नऊ वाजता विचारलं होतं. बसा काका.

हरेश्वर : बसतो. मांगच्या म्हयन्याला खारटपना किती भरला व्हता, सांग बघू. मीठ न घालता भात केला तरी खारट लागतो, म्हनते सून.

अश्लेषा : आकडा कॉम्प्युटरमध्ये लगेच सापडेल. अहो, डी ड्राइव्ह उघडा.

चंद्रहास : यात सी, डी असं काही नसतं. यात सगळं झाडासारखं असतं. मूळ, मग फांद्या...

अश्लेषा : माझ्या विहिरी कुठल्या फांदीवर आहेत?

चंद्रहास : असतील कुठेतरी. मी डीला हातसुद्धा लावला नाही. फक्त सी पुसली.

अश्लेषा : पुसताना त्याने नेमकं काय विचारलं?

चंद्रहास : एक डिस्क दाखवली आणि ही सगळी वापरू का म्हणाला. म्हटलं, वापर. ती सी. डीचं नावच नव्हतं तिथे.

अश्लेषा : या डब्यात डिस्क किती आहेत?

चंद्रहास : दोन. सी आणि डी.

अश्लेषा : एक आहे. कॉम्प्युटर आणला त्या दिवशी तुमच्यासमोर डबा उघडला होता. एकाच डिस्कचे दोन भाग करून त्यांना सी आणि डी म्हटलं होतं. काका, एका वाफ्यात मधोमध बांध घालून दोन वाफे करावेत, तसं. यांनी अख्खा वाफा नांगरला.

हरेश्वर : बांधासकट?

अश्लेषा : बांधासकट.

चंद्रहास : थांब, थांब. फ्लॉप्यांवर तुझी कॉपी होती ना? ड्रॉवरमध्ये, चार फ्लॉप्या?

अश्लेषा : होती. सकाळी मशीन सुरू करायला फ्लॉपी लागते म्हणालात, ती कुठून घेतलीत?

चंद्रहास : ड्रॉवरमधून.

अश्लेषा : एक?

चंद्रहास : पहिल्या तिन्ही चालल्या नाहीत गं. चौथीवर जमलं.

अश्लेषा : म्हणजे चारही पुसल्यात. सी ड्राइव्हवर तुमचा पत्त्यांचा खेळ होता, तोसुद्धा गेला असेल. तेवढी एक हानी खरी.

हरेश्वर : म्हंजे आमची विहीर गेली का, बाय?

अश्लेषा : नाही काका. वह्या आहेत कपाटात. नऊ वर्षं, बावीस विहिरी. नंदाखालपासून तुमच्या खाडीपर्यंत.

चंद्रहास : मग! एवढं तोंड कशाला पाडायचं? पुन्हा टाइप कर. या वेळी आलेख काढायचा प्रोग्रॅम मी लिहितोच. लिनक्सवर फार सोपं आहे ते.

अश्लेषा : विंडोजवरही सोपं होतं. त्याआधी डॉसवर तर फारच सोपं होतं.

चंद्रहास : चांगल्या कामाला वेळ लागतो.

हरेश्वर : आनि ते पुन्याचं? पान्याच्या संस्थेत नोकरीला बोलावलं व्हतं ना तुला?

अश्लेषा : तीनदा बोलावलं. दोनदा मी कळवलं, आलेख तयार झाले की येते. तिसरं पत्र मागच्या आठवड्यात आलं. पंधरा जूनपर्यंत उत्तर हवंय. यापुढे थांबणार नाहीत.

चंद्रहास : नुसते आकडे घेऊन गेलीस तर हसतील तुला. प्रोग्रॅम होऊ दे, मग बघू.

अश्लेषा : त्यांनी आकडेच मागितलेत. आलेख कधीच मागितले नव्हते. हे मला पहिल्या पत्रापासून माहीत होतं.

चंद्रहास : मग इतके दिवस बोलली का नाहीस?

अश्लेषा : भीती वाटत होती म्हणून. अठरा वर्षं अकरावीला तेच रसायनशास्त्र शिकवलं. प्रयोगशाळेत आता उभी तरी राहू शकेन का, कोण जाणे. तुमचा प्रोग्रॅम मला सोयीचा होता. तो कधीच पूर्ण होणार नाही, याची खात्री होती.

चंद्रहास : वा! म्हणजे शेवटी खापर माझ्यावरच.

अश्लेषा : तुमच्यावर नाही. सगळं पुसलं गेल्याचं कळलं, तेव्हा मला रडू यायला हवं होतं. आलं नाही.

चंद्रहास : आणि इथलं काय? माझ्या जेवणाचं काय?

अश्लेषा : कुकरला तीन शिट्ट्या. तो प्रश्न विचारत नाही, तुम्हाला जमेल.

हरेश्वर : बाय, मस्करी ऱ्हाऊ दे. नऊ वर्सं पानी भरून देतो तुला, एक डाव नीट सांग. जानार का न्हाय?

अश्लेषा : जाणार, काका. एक जुलैला मी पुण्यात रुजू होतेय.