मागं राहणारा चौथा दिवा

गायकवाड मॅडमच्या घरची मंडळी, कॉलेजचे सर लोक आणि पोरा-पोरींनो, मी नागापूरच्या एमआयडीसीत पॅनेलच्या वायरी जोडणारा माणूस. माइकपुढं कधी उभा राहिलो नाही. पण आज बोललो नाही, तर पुन्हा कधीच बोलणार नाही.

मॅडम इथं श्रीरामपुरात गणित शिकवायच्या, हे तुम्हाला ठाऊकच आहे. ज्वारीला पाण्याचा ताण बसला की तिच्यातली जनुकं एकमेकांना कशी चालू-बंद करतात, ते त्या गणितात मांडायच्या. पोरांना डोळ्यांनी दिसावं म्हणून त्यांनी माझ्याकडून एक बोर्ड करून घेतला. सात जनुकं, सात दिवे. लागला म्हणजे जनुक चालू, विझला म्हणजे बंद. कुठला दिवा लागायचा, ते बाकीच्या दिव्यांवर ठरायचं. मॅडमचं सांगणं एकच होतं, बटण दाबलं की सातही दिवे एकदम बदलले पाहिजेत. असं दाबत गेलं की शेवटी तीन दिवे लागून राहायचे. म्हणजे ज्वारी जगली.

पण मी पहिल्यांदा बोर्ड लावला, तेव्हा चौथा दिवा मागं राहायचा. त्याचा रिले, म्हणजे दिवा चालू-बंद करणारा स्विच, जरा सुस्त होता. तेवढ्या एका उशिरानं शेवटी सगळे दिवे विझायचे. ज्वारी मेली. मी काय केलं? रिले बदलला. आमच्या कामात उशिरा चालणारा रिले म्हणजे खराब रिले. मॅडमना बोललोही नाही. म्हटलं, कशाला त्यांच्या डोक्याला ताप?

ज्वारी जगते, हा निकाल मॅडमनी संशोधनाच्या पेपरात छापला. दोन वर्षांनी त्यांनीच एकेक जनुक वेगवेगळ्या वेळी बदलून कागदावर मांडून पाहिलं. ज्वारी मरत होती. कुणी विचारलं नव्हतं, तरी स्वतः पत्र लिहून त्यांनी पेपर मागं घेतला. लोक हसले. बढती हुकली. हसणाऱ्यांतले काही आज इथं बसलेत. मी तर त्यांच्याहून वाईट.

एकदा चहा देताना मला म्हणाल्या, “भाऊ, पेशीत कुणी घंटा वाजवत नाही हो. जो तो आपापल्या वेळेनं चालतो. एवढं साधं मला आधी कसं दिसलं नाही?”

मी चहा पिला आणि निघून आलो. पुढच्या खेपेला सांगू, असं लई वेळा ठरवलं. मॅडम शेवटपर्यंत स्वतःलाच दोष देत राहिल्या. गेल्या आठवड्यात झटका आला आणि गेल्या. आता कुणाला सांगू?

तो जुना रिले मी टाकला नव्हता. आज खिशात आहे. तो त्यांच्या फोटोपाशी ठेवतो.

आता आपण दोन मिनिटं उभं राहू. एकच मागणं आहे, सगळे एकदम उठू नका. ज्याला जेव्हा उठवेल, तेव्हा उठा. कुणी मागं राहिलं तर त्याला हात धरून ओढू नका.

मॅडम, तो रिले खराब नव्हता.